मधल्या भिंतीचं डोकं

मी जन्माची भित्री. घरात कुठे माती गळाली, आढ्याला वाळवी दिसली, की मी आधी ओरडायची आणि मग पाहायची. "हिच्या डोयासमोर घर रोजच पडते," असं माय म्हणायची आणि सगळे हसायचे. मातीच्या घराचं दुखणं बारमाही असतं, हे त्या हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं. उन्हाळ्यात छपरावरचे कवेलू फेरायचे, आखाडात आंगणातल्या पाण्याला वाट काढून द्यायची, दिवाळीआधी पांढऱ्या मातीनं भिंती सारवायच्या, हिवाळ्यात तुराट्यांचं कुंपण नव्यानं बांधायचं. एक काम संपेस्तोवर दुसरं उभंच.

आमचं गाव मालेगावहून किन्हीराजाकडे जाताना लागायचं. शेजारी रुई पिंजणाऱ्या चाचाचं घर. दोन घरांच्या मधे भिंत एकच, सामाईक. आमची बाजू माय सारवायची, त्यांची बाजू खाला, म्हणजे चाचाची बायको. पण दोन्ही छपरांच्या वर हातभर निघालेलं त्या भिंतीचं डोकं दोघांचं होतं. दर उन्हाळ्याच्या शेवटी बाबा आणि चाचा त्यावर चढून बसायचे, चिखल थापायचे, वर कवेलू दाबायचे आणि दिवसभर एकमेकांची टिंगल करायचे.

बहात्तरच्या दुष्काळात प्यायलाच पाणी नव्हतं, तर चिखल कशाचा करणार. भिंत तशीच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात चाचाची मोठी लेक, आमची आपा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भिंतीवर चढलं की त्यांचं अख्खं आंगण दिसायचं. पोटुशी पोर तिथे उठते-बसते, आपण वर कसं चढावं, म्हणून बाबा चढले नाहीत. चाचाला वाटलं, दरसालसारखी हाक येईल. बाबांना वाटलं, चाचाच बोलावतील. दोघं एकमेकांची अदब राखत बसले आणि भिंतीचं डोकं उघडं राहिलं.

पोळा झाला आणि झड लागली. नुसती रिपरिप, ना उघडत होतं ना धो-धो पडत होतं. आपाला मुलगा झाला होता आणि तिची खाट त्याच भिंतीला लावलेली होती. आमच्या बाजूनं भिंतीवर वरून ओल उतरायला लागली. मी येता-जाता तिला हात लावून पाहायची आणि दर वेळी हात ओलाच व्हायचा. पलीकडे ते लेकरू रडलं की बरं वाटायचं, गप्प झालं की जीव टांगणीला लागायचा. शेवटी मी मायच्या इतकी मागे लागले, की ती बाळाला पाहायचं निमित्त करून पलीकडे गेली. परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. भिंतीनं त्यांच्याकडे पोट काढलं होतं.

तिनं खालाला तिथेच सांगितलं होतं, "पोरीले आमच्या घरी ने."

खाला म्हणाली होती, "चिल्ला कुठी झाला अजून? चाळीस दिवस बाहीर नाही काढत. हवा लागन लेकराले."

"हवेवर दवा भेटते, खाला."

त्यावर खालानं आपाचं अंथरूण गुंडाळायला घेतलं. संध्याकाळपर्यंत चाचानं आणि बाबांनी चार कोपरे धरून घोंगडी ताणली आणि तिच्याखालून आपा बाळाला छातीशी धरून आमच्या समोरच्या खोलीत आली. पुरुषमाणसं गुरांच्या कोठ्यात निजायला गेली. भिंतीजवळ आता कोणी नव्हतं. झड लागल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग एका सकाळी ऊन पडलं. गावभर गोधड्या वाळत पडल्या. खाला आली ती हसतच. लेक आपल्या घरात शोभते, म्हणाली. बाबांनी आमच्या बाजूनं भिंतीवर पंजा टेकवला. "वाळून राह्यली. आता काय भेव नाही."

"अजून राहू द्या," मी म्हटलं.

"काहून?"

कारण मला सांगता येईना. एवढंच, की मला भेव वाटत होतं.

"हिले तं उन्हाचंही भेव वाटते," माय म्हणाली. सगळे हसले. आपाही हसली, आणि मला तिचा फार राग आला.

खालानं अंथरूण नेलं, खाट होती तिथेच लावली आणि शेगडीला विस्तव आणायला आपल्या चुलीकडे गेली. मी बाळाला मांडीवर घेऊन आमच्या उंबऱ्यात कोवळ्या उन्हात बसले होते. आपानं हात पुढे केले.

"आत्ताच निजला," मी म्हटलं.

"दे वं. अम्मीनं खाट टाकून ठेवली."

मी दिला नाही. माय आतून ओरडली, "काहून अडून बसली वं? दे ना ज्याचं त्याले." तरी मी हात सोडेना. आपा वैतागून माझ्यापुढे वाकली आणि तेवढ्यात मागे धान्याचं पोतं टेकवावं तसा आवाज झाला. फार मोठाही नाही. मग चाचाच्या दारातून धूळ आली. खाला चुलीपासून किंचाळत धावली. खाट मातीखाली गेली होती, तिचा एक पाय तेवढा वर दिसत होता.

नंतर गावात जो तो सांगू लागला, की मातीची भिंत झडीत पडत नाही, उघाडीत पडते. हे आदल्या दिवशी कोणी का सांगितलं नाही, कोण जाणे. आपा बाळासह आमच्याकडेच राहिली आणि दिवाळीनंतर दोन्ही घरांनी मिळून भिंत उभी केली.

पुढच्या पावसाळ्यात मागच्या खोलीत एका जागी गळायला लागलं. मायनं मला हाक मारली. बाबा उभे होते, भाऊ गोधडी धरून उभा होता. माय म्हणाली, "पाह्य बरं. तुले काय वाटते?"

कोणी हसत नव्हतं. मी वर पाहिलं, भिंतीला हात लावला, पुन्हा वर पाहिलं. मला काहीच वाटत नव्हतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून मी म्हटलं, "इथं नका निजू." आणि त्यांनी अंथरुणं उचलली.