खाल्लं नाय गो, छाटलंय!

शेळ्यांच्या लेंड्या आणि आमच्या घरचे किस्से, दोन्हींचं एकच. सकाळी झाडून स्वच्छ करावं, तर संध्याकाळी पुन्हा तेवढाच ढीग! कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी एक किस्सा सांगून संपवतो, तोवर घरी दुसरा झालेला असतो.

पेणजवळ कासूला आमची एकरभर जागा. घरापुढे बायकोची, म्हणजे माधुरीची, बाग. घरामागे आईच्या चार शेळ्या. मधे बांबूचं कुंपण, त्याला एक फाटक, आणि त्या कुंपणावर कायमचा बसलेला मी!

माधुरी पेणची, शाळेत मराठी शिकवते. घरात कुणी 'नाय' म्हटलं की लगेच "नाही म्हणा!" आई खाडीकडची. तिच्या मते ज्या झाडाला शेंग नाही की फळ नाही, ते देवानं शेळीसाठीच केलंय.

* * *

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात चंपी नावाची शेळी फाटकातून घुसली आणि सात गुलाबांचे शेंडे काट्यांसकट फस्त! माधुरी रडकुंडीला आली. आईनं शांतपणे कुंड्या पाहिल्या आणि म्हणाली, "खाल्लं नाय गो, छाटलंय! बघ आता कसा फुटवा येतो."

तीन आठवड्यांत सातही गुलाब कळ्यांनी भरले. माधुरीला आनंद व्हायचा सोडून आणखीच राग आला. झाड गेलेलं एक वेळ परवडलं, पण सासू बरोबर निघाली म्हणजे काय!

त्या दिवसापासून बागेत काहीही झालं की आईचा रिपोर्ट ठरलेला: "छाटलंय."

* * *

माधुरी पेणच्या एका नर्सरीत गेली. मी सोबत, पिशव्या धरायला. नर्सरीवाल्याला म्हणाली, "शेळी खाणार नाही असं एखादं शोभेचं झाड द्या."

तो बिचारा विचारात पडला. मग आत जाऊन एक हिरवीगार कुंडी घेऊन आला. "हे घ्या ताई. पाणीसुद्धा घालायला नको."

प्लास्टिकचं होतं! तरी आणलं. चंपीनं एक पान तोंडात घेतलं, चावून पाहिलं, थुंकलं, आणि माधुरीकडे अशी बघत राहिली, जणू म्हणतेय, माझी फसवणूक केलीत!

* * *

शेजारी मुंबईच्या एका साहेबांचं फार्महाऊस आहे. स्वतः मुंबईत आणि माळ्याला फोनवरून सूचना. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच! एका रविवारी ते आमची बाग बघायला आले. बागेभोवतीचं मेंदीचं कुंपण बाहेरच्या बाजूनं एका रेषेत कापलेलं पाहून थक्क झाले. "काय फिनिशिंग आहे! ट्रिमिंगला कोण येतं?"

मागचे दोन पाय जमिनीवर आणि पुढचे दोन मेंदीवर टेकून चंपी जिथपर्यंत पोचते, तिथपर्यंतची ती फिनिशिंग. आई म्हणाली, "हाय आमची एक माळीण."

"आमच्याकडे येईल का? रेट काय तिचा?"

"पोटावारी!"

* * *

पण एकदा प्रकरण फार पुढे गेलं. रोह्याचं महिला मंडळ माधुरीची शेवंती बघायला येणार होतं. घर झाडलं, कुंड्यांना गेरू लावला, पोह्यांची तयारी झाली. मी फर्स्ट शिफ्टला जाताना फाटकाची कडी लावायला विसरलो. बायका आल्या तेव्हा वीस कुंड्यांत वीस काड्या उभ्या! एक बाई कौतुकानं म्हणाली, "अय्या, बोन्साय का?"

माधुरीनं पोहे दिले, चहा दिला, सगळ्यांना हसून निरोप दिला आणि मग आईसमोर उभी राहिली. "आई, आता फक्त माझ्या आईची जास्वंद उरली आहे. तिचं एक पान जरी गेलं, तरी चारही शेळ्या नागोठण्याच्या बाजारात जातील."

ती पिवळी जास्वंद तिच्या माहेरच्या अंगणातली. तिची आई गेली, तेव्हा तिनं तिथून बाकी काही आणलं नव्हतं, एवढी एक फांदी आणली होती.

आई एवढंच म्हणाली, "बरं गो." आई भांडते तेव्हा मी निर्धास्त असतो. ती 'बरं' म्हणाली आणि मी उठून फाटकाची कडी दोनदा तपासून आलो.

* * *

दुसऱ्या दिवसापासून शेळ्या दाव्याला बांधलेल्या. पंचाहत्तरीची आई, दुखरे गुडघे घेऊन, बांधावरनं पाल्याचे भारे डोक्यावर आणायला लागली. मी आणतो म्हटलं तर म्हणाली, "तुला कडी लावायला जमत नाय, पाला काय आणशील?"

चौथ्या दिवशी बघतो तर माधुरी कातर घेऊन मेंदी छाटतेय आणि पाला शेळ्यांपुढे टाकतेय! मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "छाटायचीच होती." मग रोजच छाटायची राहिलेली असायची. पंधरा दिवसांत कातर इतकी बोथट झाली की मंगळवारी मी ती धार लावायला पेणला नेऊन दिली. कारागीर म्हणाला, "शनिवारी न्या."

* * *

गुरुवारी सकाळी आईची हाक आली. धावत गेलो. फाटक सताड उघडं! हो, मीच. जास्वंदीच्या जागी वीतभर दोन खुंट, आणि शेजारी दाव्यातून मान सोडवून आलेली चंपी, ओठाला पिवळी पाकळी चिकटलेली.

आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चंपीच्या गळ्यात दावं अडकवलं आणि विचारलं, "नागोठण्याला गाडी कधी हाय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात माधुरी बाहेर आली. तिनं खुंट पाहिले. डोळे भरून आले तिचे. मग चंपीकडे पाहिलं, आईच्या हातातल्या दाव्याकडे पाहिलं. पदरानं चंपीच्या ओठावरची पाकळी पुसली आणि म्हणाली, "खाल्लं नाय, आई. छाटलंय. मीच छाटलं सकाळी, कातरीनं."

आई गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली वाकली. त्या चावलेल्या, चोथा झालेल्या खुंटावरनं तिनं बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"व्हय गो," ती म्हणाली, "पेणवाल्यानं धार बाकी झकास लावलीय!"