हौदाचं बूच

सांगा बघू, तहानलेल्या गल्लीच्या देखत तुम्ही कधी पाणी गटारात सोडलंय? लगेच "छे" म्हणू नका. एल्डर विडिसननंही छातीवर हात ठेवून "छे" म्हटलं असतं, आणि देवाच्या बाबतीत तो पोरगा तुमच्यामाझ्यापेक्षा कितीतरी पक्का होता.

एकोणीस वर्षांचा. अमेरिकेतल्या आयडाहोचा, बाप बटाट्याचा शेतकरी. मॉर्मन लोकांत पोरांना मिसरूड फुटतंय न फुटतंय तोच दोन वर्षं परमुलखात धर्म सांगायला धाडतात आणि नावापुढे 'एल्डर' लावतात, म्हणजे वडीलधारा. कोचाबांबा शहराच्या दक्षिणेला, आमच्या कांतुता टेकडीवर हा वडीलधारा आला तेव्हा उन्हानं त्याच्या नाकाची सालं निघत होती आणि कुत्रं भुंकलं की तो जोडीदाराच्या पाठीमागे जात होता.

जोडीदार म्हणजे एल्डर सुल्का, पेरूच्या डोंगरातला, बुटका, कमी बोलणारा. या पोरांना एकटं फिरायची मुभा नसते. उठणं, जेवणं, चालणं, सगळं जोडीनं, एकमेकांच्या नजरेसमोर. सकाळी साडेसहाला उठायचं, गुडघे टेकायचे, पुस्तकं वाचायची, पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि चढायची टेकडी. सिनेमा नाही, पोहणं नाही, कॉफी नाही. आईशी बोलणं आठवड्यातून एकदाच. दारं वाजवायची आणि बंद होताना बघायची. एका दारातून पोरानं आवाज दिला होता, आई म्हणतेय आई घरी नाहीये. विडिसन त्यावर दिवसभर हसला आणि संध्याकाळी पांघरुणात तोंड खुपसून रडला. सुल्कानं ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. नजरेआड जायची सोय नसली की माणूस एवढंच करू शकतो.

जी दारं उघडली त्यांतलं एक दोन्या सेवेरिनाचं, दोन्या म्हणजे बाई. साठीची बाई, दोन वेण्या, त्यांच्या टोकांना काळ्या लोकरीचे गोंडे, हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले. लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. या दोघांचे शर्टही तीच धुवायची. टेकडीवर नळ नाही. टँकर येतो, पिंपं भरून देतो, आणि ड्रायव्हरच्या मनात नसेल तर येत नाही. सेवेरिना एकाच पाण्यात आधी पांढरे धुवायची, मग रंगीत, मग त्याच पाण्याचा अंगणात सडा घालायची आणि तळाचा गाळ संडासात. विडिसनला यातलं काही दिसायचं नाही. त्याला सोमवारी धुळीनं माखलेले शर्ट द्यायचे आणि बुधवारी दुधासारखे घ्यायचे एवढंच ठाऊक. शेंगदाण्याचं सूप पुढे आलं की वाटी चाटून पुसून खायची, की झाला तो चांगला पोरगा.

सेवेरिनाला बाप्तिस्मा हवा होता तो नवऱ्यासाठी. खाणीत गेलेला तिचा नवरा पलीकडे पुन्हा भेटेल, कुटुंब कायमचं एक होईल, असं या पोरांनी सांगितलं होतं. तेवढ्यासाठी तिनं कॉफी सोडली, जन्मभर चघळलेला कोकाचा पालाही सोडला. शेजारची दोन्या तोमासा, कोंबड्या विकणारी, जिची जीभ तिच्या सुरीपेक्षा बरी चालते, ती भर रस्त्यात म्हणाली होती, "तो दारुडा सुटला एकदाचा. आता त्यालाच परत भेटायला पाला सोडतेस होय गं?" सेवेरिना हसली होती.

ऑगस्टातली गोष्ट. कोरडा महिना, आणि त्यात टँकरवाल्यांनी रस्ता खराब असल्याचं सांगून येणंच थांबवलं. पिंपं खडखडीत झाली. टेकडीच्या पायथ्याला त्यांचं प्रार्थनाघर, त्यात बाप्तिस्म्याचा हौद, माणूस कमरेपर्यंत उभा राहील आणि आडवा बुडेल एवढा. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी सेवेरिनानं विचारलं, मला त्यातून बाहेर काढल्यावर त्या पाण्याचं काय करता? विडिसन म्हणाला, सोडून देतो. सगळं? सगळं. तिनं मागितलं: ते पाणी गटारात घालू नका, माझ्या गल्लीला द्या, प्यायला नाही, धुण्याभांड्याला. लोकांना बादल्या घेऊन बोलावते.

विडिसन म्हणाला, "हो."

असं हो म्हणायला काय लागतं? जीभ हलवायची. सुल्का तेव्हा दाराशी कुत्र्याला हाकलत होता, त्याच्या कानावर ते गेलं नाही. विडिसननंही त्याला सांगितलं नाही, प्रार्थनाघराची किल्ली सांभाळणाऱ्या माणसालाही नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. त्याच्या हातून होणारा हा पहिला बाप्तिस्मा होता आणि आईला फोटो पाठवायचा होता.

शनिवारी विडिसन आणि सेवेरिना नखशिखांत पांढऱ्यात हौदात उतरले. त्यानं हात वर करून ठरलेले शब्द म्हटले आणि तिला मागे झुकवून बुडवलं. पण त्यांचा नियम कडक आहे. केसाचं टोकही पाण्यावर राहता कामा नये. सेवेरिनाच्या लोकरीच्या गोंड्यांना नियम कोण सांगणार? ते बदकासारखे तरंगले. काठावरच्या साक्षीदारानं मान हलवून नाही म्हटलं. विडिसन लाल झाला. सेवेरिनानं तोंडावरचं पाणी पुसलं, वेण्या गळ्याभोवती गुंडाळून टोकं मुठीत धरली आणि हळूच म्हणाली, "घाबरू नकोस पोरा, पुन्हा घाल. धुणं कधी एका पाण्यात निघतं का?" दुसऱ्या खेपेला ती सगळी बुडाली.

फोटो निघाला. ती ओली, हसणारी. तो तिच्याहून हातभर उंच, आनंदानं तोंड फुललेलं. बायका सेवेरिनाला कपडे बदलायला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. किल्लीवाला दारात किल्ल्या वाजवत उभा राहिला. भरला हौद उघडा टाकून जायचं नाही, एखादं पोर पडेल, ही त्यांची रीत, आणि ती बरोबरच आहे. सुल्कानं पाण्यात हात घालून साखळी धरली आणि विचारलं, "बूच काढू?"

विडिसन फोटो बघत होता. म्हणाला, "हो."

पाणी तळाशी आलं तेव्हा त्यानं खिडकीतून सहज बाहेर पाहिलं. भिंतीच्या कडेनं गल्ली उभी होती. बादल्या, हंडे, तेलाचे डबे, हातगाडीवर बांधलेलं पिंप. सगळ्यात पुढे तोमासा, दोन्ही हातांत घमेली. विडिसन कपड्यांसकट हौदात उडी मारून उतरला आणि त्यानं टाच भोकावर दाबली. तोवर पायाच्या घोट्याएवढं पाणी उरलं होतं, त्यात केसांचा गुंता आणि काळ्या लोकरीचा एक धागा.

सुल्काला काही कळेना. विडिसननं सांगितलं तेव्हा तो एवढंच बोलला, "मला सांगितलं असतंस तर मी त्या साखळीला हात लावला असता का? माझी आई नदीवरून पाणी आणते रे." मग टॉवेल पुढे करून म्हणाला, "जा, सांग त्यांना."

गेला तो. पायरीवर उभा राहिला, अंगावर ओले पांढरे कपडे, खाली पाण्याचं थारोळं. एवढ्या डोळ्यांसमोर त्याची भाषा पळाली. बापाच्या शेतात दिवसभर फवारे फिरायचे, आणि पाण्यासाठी कुणी हात पुढे केलेला त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तो म्हणाला, हौदाच्या पाइपात बिघाड झाला, पाणी आपोआप निघून गेलं.

खोटं बोलला. देवाचं नाव नुकतंच तोंडातून घेऊन, देवाच्या दारात.

 तोमासा एकदा गटाराकडे आणि एकदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात ओल्या वेण्यांनी सेवेरिना बाहेर आली. कपडे बदलायची खोली हौदाला लागूनच होती, मध्ये फक्त एक पातळ दार. तिनं साखळीचा आवाज ऐकला होता, सुल्काचा प्रश्न ऐकला होता आणि याचं "हो"सुद्धा. तिनं विडिसनकडे पाहिलंही नाही. गल्लीला म्हणाली, "चूक माझी. मी नीट विचारलं नव्हतं, उगाच तुम्हाला खाली उतरवलं."

"वा गं वा," तोमासा म्हणाली. "तू भिजून आलीस, आणि आम्ही घमेली घेऊन धूळ खात उभे."

डबे वाजवत गल्ली पुन्हा टेकडी चढली. सेवेरिना सगळ्यात मागे, मान खाली. नव्या जन्माचा तिचा पहिला तास असा गेला.

दुसऱ्या दिवशी रविवारी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा होता. विडिसननं हात ठेवले. केस अजून दमट होते. शब्द निघाले, पण ते त्याला कुणा दुसऱ्याच्या तोंडून आल्यासारखे वाटले. सोमवारी तो शर्ट घेऊन तिच्याकडे गेला नाही. खोलीतच बादलीत बुचकळत बसला आणि कॉलर पिवळी राहिली. मंगळवारी तीच खाली आली आणि एक शब्द न बोलता गाठोडं उचलून घेऊन गेली. टँकर अजून आलाच नव्हता. बुधवारी शर्ट परत आले, दुधासारखे. कुठल्या पाण्यानं धुतलेस, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. तिच्या घरात झाकून ठेवलेलं एकच पिंप होतं, प्यायचं. 

त्यानंतर टेकडी चढताना तो गल्लीशी नजर मिळवेना. आणि विचित्र म्हणजे गल्ली त्याला वाकडा शब्द बोलली नाही. सूप आलं, उकडलेला मका आला. तोमासानंसुद्धा एकदा कोंबडीची तंगडी वाढली, "खा, वाळलास," म्हणाली. त्याला वाटलं, आपलं खोटं खपलं. पण खपलेलं खोटं घशाखाली उतरत नाही. ताट पुढे आलं की त्याच्या डोळ्यांसमोर घोट्याएवढं पाणी यायचं.

मग त्याची दुसऱ्या गावी बदली निघाली. बॅग भरून झाली. जायच्या सकाळी सुल्कानं त्याला गल्लीतून नेलं, मुद्दाम. टँकर आला होता. रांग लागली होती. विडिसन रांगेशी थांबला, टाय सैल केला, आणि तोमासासमोर उभा राहून त्यानं सांगून टाकलं. पाइप बिघडला नव्हता. बूच आम्हीच काढलं. मी हो म्हटलं होतं आणि मीच विसरलो.

तोमासानं हातातली घमेली खाली ठेवली.

"अरे गोऱ्या, तुमच्या हौदाचा पाइप त्या भिंतीबाहेर गटारातच उघडतो. आमच्या पायांपाशी. तू पायरीवर येऊन बिघाड सांगेपर्यंत इकडे पाणी वाहत होतं, स्वच्छ, आरशासारखं. पाइपाचं तोंड गटाराच्या तळाला टेकलेलं, बादली खाली जाईना. मी ओंजळीनं भरत होते."

विडिसनला वाटलं जमीन फाटावी. त्यानं विचारलं, मग बोलला का नाहीत?

"मी तर तुला त्याच घमेल्यात बुडवणार होते. ही आडवी आली." तोमासानं हनुवटीनं दारात उभ्या सेवेरिनाकडे दाखवलं. "म्हणाली, कुणाचं तरी लेकरू आहे, घरापासून लांब आहे, त्याला लाज वाटू देऊ नका. तुला जे जेवायला वाढलं, ते सगळ्यांनी ठरवून वाढलं, समजलास? एवढी लाज आम्ही राखली तुझी. आता तू सांगायला आलास, तेही निघायच्या दिवशी."

रांग पुढे सरकली. सेवेरिना धुतलेल्या शर्टांची चळत घेऊन आली आणि त्याच्या हातात ठेवली. तो तिच्यापुढे वाकला आणि माफीचे शब्द जुळवू लागला. तिनं त्याला अडवलं.

"मला कशाला सांगतोस? मी दारामागे होते. तुझ्या आईला सांग. तिच्याकडे माझा फोटो आहे ना, हसरा? पुढचंही सांग तिला."

विडिसन म्हणाला, "हो."

तेच हो. तोंडातून तसंच पटकन निघालेलं. सेवेरिनानं विश्वास ठेवला, ती तशीच आहे. तोमासानं ठेवला नाही, मीही नाही. तो फोटो आयडाहोतल्या त्या घरात भिंतीवर लावलाय असं सुल्का नंतर सांगत होता, चौकटीत घालून, बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. त्याखाली उभं राहून काय सांगितलं जातं ते आम्हाला ठाऊक नाही.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. बटाट्याच्या त्या मुलखात कधी गेलात, आणि कुणी तुम्हाला कौतुकानं भिंतीवरचा तो फोटो दाखवला, उंच गोरा पोरगा आणि गळ्याभोवती वेण्या गुंडाळलेली ओली म्हातारी, तर तिथेच उभे राहा आणि विचारा, त्या पाण्याचं पुढे काय झालं? आणि उत्तर मिळेपर्यंत त्या घरचा पाण्याचा पेला हातात घेऊ नका.