आठ चमचे आणि पिपलानीचं क्वार्टर

भोपाळला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. बाबांच्या शेजारी राहणाऱ्या वर्मा आंटींचा फोन होता. "बेटा, अंकल रोज सुबह दस बजे निकल जाते हैं. पूछो तो कहते हैं, घर जा रहा हूँ. अब घर तो यही है ना?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. बाबांच्या मोठ्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. आधी रस्ते विसरले, मग माणसं.

थोडं मागचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बाबा चौतीस वर्षं भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात होते. पिपलानीतल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये मी वाढले. दोन वर्षांपूर्वी त्याच क्वार्टरमध्ये आई गेली, चार तासांत सगळं आटोपलं. वर्षाने बाबा रिटायर झाले, क्वार्टर परत केलं आणि अयोध्या नगरच्या दोन खोल्यांच्या घरात एकटे राहायला गेले. माझी मिनू आता तेरा महिन्यांची आहे. आईने तिला पाहिलं नाही.

मी जाताना दोन तिकिटं काढली आणि येताना तीन. तिसरं बाबांचं. त्यांना विचारलं नव्हतं. निखिल, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "अगं, आधी बोल तरी त्यांच्याशी." मी म्हटलं, बोलत बसले तर ते कधीच यायचे नाहीत. माझा स्वभावच असा आहे, आधी करते आणि मग विचार करते.

संध्याकाळी पुण्याहून सुटणारी गाडी सकाळी भोपाळला पोचते, आणि लहान मूल असेल तर हीच बरी, कारण बराचसा प्रवास ते झोपून काढतं. खालचे दोन्ही बर्थ मिळतील असं बघा. थर्मासमध्ये गरम पाणी घरूनच न्या, आणि खेळणी अजिबात नेऊ नका. मिनूने सोळा तासांत एका खुळखुळ्याशिवाय कशाला हात लावला नाही. तिचा सध्याचा उद्योग एकच: एक वस्तू घ्यायची, दुसऱ्या वस्तूच्या आत घालायची, रिकामे हात दाखवायचे आणि खदाखदा हसायचं. समोरच्या आजोबांचा चष्मा आमच्या डब्यात पोळ्यांखाली सापडला. आजोबा बिचारे हसले, मी मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाले.

पिपलानी किंवा अयोध्या नगरला जायचं असेल तर मुख्य भोपाळच्या आधीच्या राणी कमलापती स्टेशनला उतरा. जुनी माणसं त्याला अजून हबीबगंजच म्हणतात. तिथून रिक्षाने अडीचशे घेतले. बाबा फाटकात उभे होते. वाळलेले, पण दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. टेबलावर पोहे-जिलबी तयार. भोपाळात सकाळ याच्याशिवाय होत नाही, तुम्हीही चुकवू नका. पोह्यांवर बारीक शेव आणि बडीशेप असते, सोबत गरम जिलबी. मिनूने जिलबी पोह्यांत बुडवली आणि पोहे बाबांच्या खिशात घातले. बाबा हसले. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं!

भांडी आवरताना बाबा चमचे मोजायला लागले. आईच्या लग्नातले स्टीलचे आठ चमचे, प्रत्येकाच्या दांड्यावर तिचं नाव कोरलेलं. "सात आहेत. आठवा कुठे?" आठवा त्यांच्याच बुटात निघाला.

हे मोजणं काही नवं नाही. बाबा विजेच्या मोठ्या मोटारींच्या वाइंडिंगवर, म्हणजे तांब्याच्या तारा गुंडाळायच्या कामावर होते. तिथला नियम असा की मशीनमध्ये हात घालायचा तर घड्याळ, अंगठी, खिशातलं पेनसुद्धा काढून ठेवायचं. हत्यारं मोजून आत न्यायची आणि मोजून बाहेर आणायची. गिनती जुळली नाही तर झाकण लावून मशीन बंद करायचं नाही, मग शिफ्ट संपो की आणखी काही होवो. एक वॉशर आत राहिला तरी अख्खी मोटार जळते. आम्ही सहलीला गेलो तरी निघताना बाबा मोजायचे: पिशव्या चार, पाण्याची बाटली एक, पोरगी एक. आई म्हणायची, "बायको मोजली का?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या तलावावर गेलो. बोट क्लबच्या बाजूला बसायला छान जागा आहे, सकाळी दहाच्या आत गेलात तर गर्दीही नसते. पलीकडे वनविहार आहे. मिनूला वाघ दाखवायला नेलं, तिला माकडं आवडली. तलावाकाठी बाबांनी तिला मांडीवर घेऊन रुमाल स्वतःच्या तोंडावर टाकला. "आजोबा कुठे गेले?" मिनूने रुमाल ओढला. "भॉक!" पन्नास वेळा तरी झालं असेल. एकदा त्यांनी रुमाल जरा जास्तच वेळ तोंडावर ठेवला. मिनू रडकुंडीला आली, तेव्हा काढला. डोळे लाल होते. मी काही विचारलं नाही. काय विचारणार?

निघताना त्यांनी मोजलं, बूट दोन, टोपी एक, बाटली एक, खुळखुळा एक. मग रिक्षात बसून रिक्षावाल्याला म्हणाले, "पिपलानी चलो, सी सेक्टर."

मी झटकन पुढे वाकले.

"बाबा, अयोध्या नगर," मी म्हटलं. आवाज चढलाच होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हां. तेच." मग घरापर्यंत ते बाहेर बघत राहिले. म्हणजे वर्मा आंटी खोटं बोलत नव्हत्या. मी मनातल्या मनात पुण्यातल्या डॉक्टरांची यादी करायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी सांगून टाकलं. "बाबा, परवाच्या गाडीचं तुमचंही तिकीट आहे. आता तुम्ही आमच्याकडेच राहायचं. इथे एकटं राहणं बरं नाही."

"का?"

"तुम्हाला... तुम्ही रस्ते विसरता, बाबा."

बाबा उठले. कप विसळून पालथा घातला, मिनूला कडेवर घेतलं आणि "मेथी घेऊन येतो" म्हणून बाहेर पडले. निखिल माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. मंडईला दहा मिनिटं लागतात. मी फोन लावला, तर रिंग घरातच वाजायला लागली. आवाज स्वयंपाकघरातून, तांदळाच्या डब्यातून. फोन आत घालायचं काम कुणाचं ते सांगायला नको. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून लोळले असते. त्या दिवशी नाही. रस्ते विसरणारा माणूस, हातात माझं पोर, आणि फोन तांदळात.

निखिल मंडईकडे पळाला. मी रिक्षा केली आणि पिपलानी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे, तोंडातून तेच आलं.

टाउनशिपचे रस्ते अजून तसेच सरळसोट आहेत, दोन्ही बाजूंना जुनी झाडं. क्वार्टर्स एकसारखी, एकाच पिवळ्या रंगाची, नवखा माणूस हमखास दुसऱ्याच्या दारात जातो. माझे पाय मात्र चुकले नाहीत. फाटक उघडं होतं. वळसा घालून मागच्या अंगणात गेले. कपडे धुवायच्या दगडावर मिनू बसली होती, पाण्यात हात आपटत. बाबा आईने लावलेल्या कढीपत्त्याच्या बुंध्याला आळं करत होते. सलवार-कमीज घातलेली एक बाई चहाचे कप घेऊन दारात आली.

"आप बिटिया हैं ना?" ती म्हणाली. "मैं ममता. अंकल जी ने बताया था कि आप लोग आ रहे हैं."

"ये रोज आते हैं?"

"रोज. पहले दिन आए तो बोले, कुछ रह गया है अंदर. हमने भी ढूँढा, अलमारी के ऊपर, टाँड पर, सब जगह. कुछ मिला नहीं. मैंने कहा, आप आते रहिए, मिल जाएगा."

मी मिनूला उचलून घट्ट धरलं. "बाबा, काय राहिलंय इथे?"

"ते कळलं असतं तर आणलं नसतं का?" बाबा खाली बघूनच बोलले. "सामान नेलं तेव्हा लिस्ट केली होती. तीनदा मोजलं. सगळं बरोबर. तरी वाटतं गिनती चुकली. रात्रंदिवस वाटतं. म्हणून येतो, बघतो, झाडाला पाणी घालतो, जातो. मी रस्ता विसरत नाही गं. रस्ता चांगला पाठ आहे, तोच त्रास आहे."

"मग काल रिक्षावाल्याला..."

"मिनूला इथे आणायचं होतं. तुझ्या आईने नाही पाहिलं पोरीला. म्हटलं, घराने तरी पाहावं. तू एवढ्या जोरात ओरडलीस, मग म्हटलं, जाऊ दे."

मला तिथेच रडू फुटलं. मी किती शहाणी! डॉक्टरांची यादी केली, तिकिटं काढली, आणि बापाला एक साधा प्रश्न विचारला नाही. ममताने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गुपचूप आत गेली. परकी बाई, पण जे मला कळलं नाही ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

निखिलला फोन करून दोघं सापडल्याचं कळवलं, मग चहा झाला. ममताने मिनूला सगळं घर फिरवून दाखवलं, आई जिथे गेली ती खोलीही. तिथे आता ममताच्या मुलीचं अभ्यासाचं टेबल आहे. मिनू त्या टेबलाखाली शिरली आणि तिथून "भॉक" म्हणाली. बाबा दारात उभे होते. ते आत आले नाहीत, पण बघत राहिले.

निघताना त्यांनी सवयीने मोजलं. "बूट दोन. टोपी एक. खुळखुळा?"

खुळखुळा नव्हता. मिनूने रिकामे हात दाखवले आणि हसली. मी टेबलाखाली पाहिलं, ममताने बादल्या उपड्या केल्या, दगडामागे बघितलं. कुठेच नाही. बाबा अंगणाच्या मधोमध उभे राहून सगळीकडे नजर फिरवत होते. मला वाटलं, आता हे संध्याकाळपर्यंत हलायचे नाहीत.

"राहू दे," ते म्हणाले.

"बाबा, सापडेल, थांबा जरा."

"नको. राहू दे आत." त्यांनी फाटकाची कडी स्वतः लावली. चौतीस वर्षांत गिनती न जुळता मशीन बंद करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

परतीचं त्यांचं तिकीट रद्द केलं. फोनवर दोन मिनिटांत होतं, थोडे पैसे कापतात. ते येणार का, कधी, किती दिवस, हे मी विचारलं नाही. एवढं तरी शिकले. स्टेशनवर त्यांनी आमच्या बॅगा मोजून गाडीत चढवल्या आणि गाडी हलेपर्यंत तोंडावर रुमाल टाकून मिनूला हसवत राहिले.

घरी येऊन तीन आठवडे झालेत. लोक विचारतात, लहान बाळ घेऊन भोपाळ कसं? बरं आहे. रस्ते रुंद, तलाव सुंदर, खाणं मऊ. पण मला आठवतं ते पिपलानीचं ते अंगण, आणि कुठेतरी त्याच्या आत राहिलेला तो खुळखुळा. ममताला सापडला तर सापडला. बाबा आताशा रोज जात नाहीत, झाडाला पाणी घालायला रविवारी जातात, असं वर्मा आंटी सांगत होत्या.

आज बॅग पूर्ण रिकामी केली. मिनूच्या लोकरीच्या मोज्यात काहीतरी टणक लागलं. काढलं तर चमचा, दांड्यावर आईचं नाव. मी लगेच फोन लावला.

"बाबा, तुमचा एक चमचा आमच्याकडे आलाय. कुरिअर करू का?"

"माहीत आहे मला. तुम्ही निघालात त्याच दिवशी मोजले. सात आहेत." पलीकडे चमचे खणात ठेवल्याचा आवाज आला. "पाठवू नको. मी घ्यायला येतो."