तिसरीच्या वर्गातली देवी

कोर्टाच्या फाटकाशी आले की ते खिशातून रुमाल काढत आणि कपाळावरचं अष्टगंध पुसून टाकत. सकाळची पूजा कधी चुकली नाही आणि हे पुसणंही कधी चुकलं नाही. लातूरला आम्ही सगळे वकील त्यांना काका म्हणत असू. एखादा तरुण वकील हटकून विचारी, "काका, देवाला फाटकावरच सोडलं का?"

"घरी बसवून आलोय," रुमालाची घडी घालत ते म्हणत. "आत सरकार हाय. दोघांची गाठ घालून देऊ नये. दोघंबी बिघडतात."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या बोलण्यावर आपण हसतो. ते बोलणं खरं करून दाखवायची पाळी त्यांच्यावर येईल, असं कधी आपल्या मनात येत नाही.

मंगळवारी त्यांचा देवीचा उपास असे. त्या दिवशी त्यांचा युक्तिवाद आखूड होतो, हे माहीत असलेले वकील मुद्दाम मंगळवारची तारीख मागून घेत. मीही घेतली आहे.

त्यांचं गाव किल्लारीकडचं. भूकंपात देऊळ पडलं. नव्या जागी गाव वसलं तेव्हा शाळा आधी उभी राहिली, देऊळ मात्र राहून गेलं. देवीला उघड्यावर कसं ठेवायचं, म्हणून तिला शाळेच्या एका खोलीत बसवलं. तात्पुरतं. पुढे त्या खोलीत तिसरीचा वर्ग भरू लागला आणि देवी फळ्याशेजारीच राहिली. आरती झाल्याशिवाय हजेरी होत नसे. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर, ऐकून मलाही वाटलं नव्हतं. पहिल्या आरतीचा मान काकांच्या घराचा. एरवी तबक धाकटा भाऊ धरी. नवरात्रात काका स्वतः जात.

मग गावच्या आरोग्य उपकेंद्रात एक परिचारिका बदलून आली. बिलोलीकडची, बौद्ध कुटुंबातली. तिची मुलगी आरती म्हणत नसे, म्हणून गुरुजी तिला आरती संपेपर्यंत बाहेर व्हरांड्यात बसवत. आई वकील शोधत कोर्टातल्या आमच्या वकिलांच्या खोलीत आली, तेव्हा कुणीतरी गंमत म्हणून तिला काकांच्याच टेबलाकडे पाठवलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, तुमचं मागणं काय हाय?"

"देवीशी माझं भांडण नाही, साहेब. माझी लेक वर्गात बसली पाहिजे."

त्यांनी त्याच दिवशी वकीलपत्र घेतलं. आमच्या खोलीतलं हसू जागच्या जागी विरलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, आपल्या देवीला बाहेर काढतूस?"

"शाळंतनं काढतोय."

"चालव मग अर्ज. पण देवीच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई. आरतीचा मानबी गेला समज."

काकांनी समोरची फाईल पुन्हा उघडली. शेजारचा चहा तसाच निवला.

गावातर्फे मी उभा होतो. सुनावणी शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनात झाली. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माची शिकवण देता येत नाही, हे संविधानाचं कलम काकांनी शांतपणे मांडलं. माझ्याकडे एक प्रश्न राखून ठेवलेला होता. त्यांना कानकोंडं करण्यासाठीच तो मी शोधून काढला होता, हे आज मान्य करतो.

"ती मूर्ती त्या खोलीत कुणी ठेवली, हे अर्जदाराचे वकील सांगतील का?"

काका उठले. दालनात ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत. त्या वेळी गावच्या बोलीतच बोलले.

"मीच ठेवली, साहेब. ढिगाऱ्यातनं काढून खांद्यावर आणली. तवा ती खोली मला देवीचा आसरा वाटली. ती पोरांची व्हती. चूक माझी हाय, म्हणून अर्जबी मीच चालवतोय."

पुढचे मुद्दे माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेले होते, पण एकही वाचता येईना. त्या उत्तराची किंमत काय आहे, हे दालनातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती वसूल करणारा भाऊ माझ्या शेजारीच उभा होता आणि जमिनीकडे पाहत होता. मी खाली बसलो.

मूर्ती हलवण्याचा आदेश झाला. गावाने रस्त्याच्या कडेला छोटं देऊळ बांधलं. मुलगी वर्गात बसू लागली. भावाने आपला शब्द पाळला.

त्या नवरात्रात मीच काकांना माझ्या गाडीने गावी नेलं. ते देवळासमोर रस्त्याच्या पलीकडे थांबले आणि तिथूनच हात जोडले. आतून आरतीचा आवाज येत होता. मला ते पाहवेना.

"काका, हा सामाजिक बहिष्कार आहे. कायदा आहे त्याला. उद्याच अर्ज देऊ. मी लढतो, फी नको."

"नको. त्या वर्गात सरकार व्हतं, म्हणून सरकारकडं गेलो. हितं देवी हाय आन माझा भाऊ हाय."

"पण तुमचा हक्क आहे."

"हाय की. अर्ज दिला तर दार उघडंल," ते म्हणाले. "भाऊ न्हाई उघडायचा."

पुढच्या नवरात्राआधीच काका गेले. नवरात्रात मी एकटाच त्या गावी गेलो आणि रस्त्यापलीकडे त्यांच्या जागी उभा राहिलो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. देवळात धाकट्या भावाने तबक हातात घेतलं, कापूर पेटवला आणि तो दाराकडे वळला. रस्त्याकडे पाहत तसाच उभा राहिला. माणसं ताटकळली.

"अण्णा, म्हणा की," आतून कुणीतरी म्हणालं.

आरती सुरू झालीच नाही. कापूर तबकातच जळून विझला.