उरलेलं टोक

मामा चहाचा शेवटचा घोट कधीच पीत नसत. कप विसळताना मी कुरकुरले की म्हणत, "जरा राहू द्यावं, ताई." नांदेडच्या आमच्या धातूंच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते, मूळचे उदगीरचे. भर उन्हातही पाण्यातून चालल्यासारखे सावकाश चालत, आणि हाक मारली तर दुसऱ्याच कुठल्या गावाहून परतल्यासारखे वळून बघत.

त्यांचं खरं काम सुया घडवण्याचं. धातूच्या पोटात अणू कुठे कसे बसलेत ते दाखवणारं एक यंत्र चेन्नईला आहे. त्याला नमुना लागतो सुईसारखा, आणि टोक इतकं बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसूच नये. मामा तारेचं टोक आम्लाच्या थेंबात बुडवत, वीज सोडत आणि सूक्ष्मदर्शकातून बघत पुटपुटत, "आली, आली... बस." मी दहा सुया केल्या, दहाही बोथट. "तुम्ही लई घाई करायलात," एवढंच ते म्हणाले.

माझा सगळा प्रबंध एका मिश्रधातूवर अवलंबून होता. त्याच्या तीन सुया मामांनी करून ठेवल्या होत्या, चेन्नईची तारीखही महत्प्रयासाने मिळाली होती. खंडेनवमीला सकाळी येऊन बघते तर भट्टीला झेंडूचा हार, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, आणि तिन्ही सुयांच्या टोकांवर इवलं इवलं कुंकू!

"बोट न्हाई लावलं, ताई. केसानं टिपकं दिलं. हत्याराची पूजा धारेलाच करतेत."

कुंकवाचा एक कण म्हणजे त्या टोकापुढे डोंगर. सुया वाया गेल्या होत्या. माझा तोल सुटला. "मामा, तुम्हाला यातलं काही कळतं तरी का?"

"हाव, न्हाई कळत," ते जमिनीकडे बघत म्हणाले. ते आठवलं की अजून माझी मान खाली जाते.

त्या मिश्रधातूच्या तारेचा जेमतेम एका सुईपुरता तुकडा उरला होता. मामांनी तो मागून घेतला. त्याचं टोक आम्लाच्या थेंबात बुडवलं. मला बघवेना, मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "बस."

ती सुई मांडीवरच्या डबीत सांभाळत मामा माझ्याबरोबर चेन्नईला आले. यंत्राच्या पडद्यावर एकेका अणूचा ठिपका उमटू लागला, निळा, केशरी, पुन्हा निळा. हळूहळू त्यांचे थर दिसायला लागले. मामा लहान मुलासारखे हरखले. मग एकदम म्हणाले, "आन् सुई?"

"ती झिजते, मामा. एकेक अणू टोकावरून उडतो, तेव्हाच तो आपल्याला दिसतो."

"म्हंजे दिसला तो गेला?"

"हो."

ते पडद्यावरून यंत्राकडे वळले. "तुमचं काम झालं का?"

"झालं."

"मग जरा राहू द्या की, ताई."

मला अजून खोलवर बघायचा मोह होता. तरी मी यंत्र थांबवलं. माफी मागायला मला तेवढंच जमलं.

निवृत्तीनंतर मामा उदगीरला गेले आणि तिथेच वारले. आता ती प्रयोगशाळा मी सांभाळते. उरलेली सुई अजून त्याच डबीत आहे; खंडेनवमीला तिच्या झाकणावर कुंकू लावते, आत नाही. परवा एका विद्यार्थिनीने डबी उघडून विचारलं, "मॅडम, यात अजून लाखो अणू शिल्लक असतील. चालवून बघू या?"

मी डबी तिच्या हातातून घेतली. "राहू दे जरा," म्हणाले. का, ते तिला सांगायचं होतं, पण मी नुसतं झाकण लावलं.