रायफलीला कुंकू

पंधरा वर्षांच्या मुलीने माझं ऐकणं सोडलं याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. त्या वयात मीही सोडलं होतं. वाईट याचं वाटलं की ती दुसऱ्या कुणाचं तरी ऐकायला लागली.

जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या आमच्या गावात नेमबाजीचा फेराइन आहे, म्हणजे क्लब. मैत्रिणीच्या नादाने ती तिथे एअर रायफल शिकायला गेली. पालकांची लेखी परवानगी लागते, ती मीच दिली, चांगली झोकात सही करून. तिथला ट्रेनर म्हणजे एक निवृत्त पोस्टमन, पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा. दर गुरुवारी आधी अर्धा तास नुसत्या गप्पा: बंदूक कुठे ठेवायची, कुणाच्या हातात द्यायची नाही, कायदा स्वतःचा बचाव कशाला म्हणतो. मग नेम. मी तोवर बाहेर गाडीत.

हे सगळं शुक्रवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर यायचं. "ट्रेनर म्हणतो..." एकदा ती मला बंदुकीच्या कपाटाला कसं कुलूप हवं ते समजावत होती. मी वीस वर्षं गाड्यांच्या दारांची कुलपं डिझाइन करतोय. एकाही कुलपाबद्दल तिने मला कधी विचारलं नव्हतं. मी आमटीत नको इतकं लिंबू पिळलं.

शेवटी मी माझा हुकमी एक्का काढला. पुण्यात कॉलेजात एका दांडगटाने माझी कॉलर धरली होती आणि मी त्याला लोळवलं होतं. ही गोष्ट आमच्याकडे सणासुदीला सांगितली जाते. मीच सांगतो.

तिने ऐकून घेतलं. "लगेच मारलंस?"

"लगेच म्हणजे... दुसऱ्या दिवशी. तो कँटीनमध्ये पाठमोरा बसला होता, तेव्हा मी—"

"बाबा, डास वार काइने नोटवेअर. तो बचाव नाही. अटॅक संपला होता ना? चालू असतो तेव्हाच बचाव. नंतर मारलं तर ते... सूड?"

"सूड," बायकोने शब्द पक्का करून दिला. "आणि अहो, पाठमोरा होता हे इतक्या वर्षांत बरं कधी बोलला नाहीत!"

माझी तीस वर्षांची मर्दुमकी एका पोस्टमनने घरी न येता काढून घेतली.

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. इथे आल्यापासून मी पाने, स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप मांडतो. मला वाटलं, ही माझी जागा. हे काही ट्रेनरला येत नाही.

"तुझी रायफल घरी आण, पूजा करू."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला बँक लुटायला सांगत होतो. "घरी? ती तिथे कपाटात लॉक असते, बाबा. मला आणताच येत नाही!"

मग हळदकुंकवाची कोयरी आणि बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू घेऊन मीच गुरुवारी फेराइनमध्ये हजर झालो. ट्रेनरला काय करायचंय ते सांगितलं. त्याने मान डोलावली, रायफल रिकामी असल्याचं तपासलं, तशी खूण म्हणून नळीत रंगीत दोरी ओवली, रायफल टेबलावर निशाण्याच्या दिशेने ठेवली आणि मला काहीतरी सांगायला लागला. मी थांबलो नाही. कुंकवाचं बोट पुढे करून टेबलाला वळसा घातला आणि थेट नळीच्या तोंडासमोर वाकलो.

"श्टॉप! हात मागे! बाबा, मागे हो!"

हॉलमधली सगळी पोरं वळून बघायला लागली. ट्रेनर माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी तिच्या पहिल्या सायकलच्या वेळी माझ्या तोंडावर असल्याचं फोटोत पाहिलं आहे. मला चटका बसला.

"पण ती रिकामी आहे," मी पुटपुटलो.

"रिकामी असली तरी समोर जायचं नाही. दुसऱ्याने रिकामी म्हटलं तरी स्वतः बघायचं. आणि विचारल्याशिवाय हात नाही लावायचा." मोडक्या मराठीत, बोटं मोजत, ती मला शिकवत राहिली. माझ्याशी सलग इतकं मराठी ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. मी प्रश्न वाढवत नेले, मुद्दाम, बावळटासारखे.

मग तिने रायफल आत ठेवायला दिली, ट्रेनरने कपाट बंद करून किल्ली खिशात टाकली, आणि ती म्हणाली, "आता लाव. दाराला लाव. कुलूपच महत्त्वाचं असतं ना?"

मी राखाडी लोखंडी दाराला हळदकुंकू लावलं, फूल हँडलमध्ये खोचलं. ट्रेनरने टोपी काढली. तेही त्याला नेमकं सुचलं.

गाडीत ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी येशील? तुला अजून बरंच शिकवायचंय."

"येतो," मी सिग्नल हिरवा व्हायच्या आत म्हणालो. थोड्या वेळाने राहवेना. "कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

"ट्रेनरच्या," ती म्हणाली. "तो म्हणाला, बाबांना विचार, बिचारे बाहेर गाडीत बसून असतात."

मी गिअर बदलला. गुरुवारी मात्र जाणारच होतो.