यमुनाबाईंच्या रानातला पाट

नेवाशाला एसटीतून उतरलो तेव्हा माझ्या हातात मीटर आणि त्याची बॅटरी होती आणि खांद्यावर लोखंडी खुंट्यांचं गाठोडं. बरोबर आमच्या उत्खनन पथकाचे प्रमुख, सर. प्रवरेकाठी जुन्या वस्त्या होत्या हे ठाऊक होतं. पण ती माणसं शेतीला पाणी कसं आणत, ते आम्हाला शोधायचं होतं. जमिनीत खुंट्या ठोकायच्या, तारा जोडून वीज सोडायची. बुजलेल्या पाटात गाळ असतो, गाळात ओल टिकते, आणि ओलीवर मीटरचा काटा खाली येतो.

रानाच्या मालकीण यमुनाबाईंनी आल्या आल्याच बजावलं, "उद्या सकाळी केनी (जमीन सपाट करायचं बैलांचं औत) चालनार. सरकारी पाटाचं पानी येतंय. काय बगायचं ते आजच बगा."

म्हणजे आज सापडला नाही तर जुना पाट कायमचा गेलाच!

दुपारी त्यांनीच भाकरी आणि शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या रशातल्या वळ्या) वाढले. इतके चापले की बाभळीखाली आडवेच झालो. उठून सकाळीच ठोकलेल्या खुंट्यांना मीटर लावलं, तर काटा धाडकन खाली!

"सर, सापडला!" मी किंचाळलो. सर वय विसरून धावले आणि ढेकळाला अडखळून पडले. खुंटी बघतो तर बुडाशी चिखल, वर हळदकुंकू.

"पूजा केली म्या," यमुनाबाई म्हणाल्या. "जिमिनीत लोखंड घालताना पानी द्यायाचं. इहीर खांदताना बी देतो आमी. तुमाला तेवडं बी ठावं न्हाई व्हय?"

कप्पाळ! हसूही आवरेना.

खुंट्या पुसून लांब कोरड्यात ठोकल्या. काही नाही. पुढे सरकलो. काही नाही. ऊन कलायला लागलं. आणि काटा झुकला! मी आधी खुंटीकडे पळालो. बूड ठणठणीत कोरडं! पुढच्या रांगेत पुन्हा, त्यापुढच्या रांगेत पुन्हा, नदीकडून तिरपी रेघच. अहो, नाचायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

कुदळ मारली. पिवळ्या मुरमात काळ्या गाळाचा पट्टा, आणि त्यात रंगवलेलं खापर. माणसांनी खणलेला पाट, कदाचित हजारो वर्षांपूर्वीचा.

यमुनाबाई खड्ड्यात उतरल्या. गाळ चिमटीत चोळत म्हणाल्या, "आमच्या आदी बी हितं कुनी पानी आनलं हुतं?"

"हो," सर म्हणाले. केणीचं विचारायचा धीर आम्हा दोघांनाही होईना.

त्या घरी गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सरांनी घाईघाईने खुंट्या उचलल्या.

"ऱ्हाऊ द्या. खुट्यांची पूजा झाली. ही पाटाची," म्हणत त्यांनी गाळावर पाणी ओतलं. "केनी ह्यावरनं न्हाई जायाची. निवांत खांदा तुमी."

परतीच्या एसटीत खुंट्या पायाशी खडखडत होत्या. एकीवर हळद अजून चिकटलेली होती. एवढा जुना पाट, आणि इतक्या वर्षांनी त्यात कुणीतरी पाणी सोडलं होतं. ती खुंटी मी पुसली नाही.